गल्ल्याचा कौल

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहरात ‘गोल्फलँड’ नावाचं एक ठिकाण आहे. छोट्या गोल्फचं मैदान आणि त्याला लागून व्हिडिओ गेमचं पार्लर. ऐंशीच्या दशकात तिथल्या रांगेत अधूनमधून एखादं अनोळखी यंत्र येऊन उभं राहायचं. त्याची जाहिरात झालेली नसायची, कुठे नाव ऐकलेलं नसायचं. शाळा सुटल्यावर आलेली पोरं नवं काही दिसलं की त्यात नाणं टाकून बघत. थोड्या अंतरावर एखाददुसरा मोठा माणूस उगाच रेंगाळत असे. पोरगा कुठे अडला, कुठे चिडला, हरल्यावर हात पुन्हा खिशाकडे गेला की पाय दुसऱ्या यंत्राकडे वळले, यावर त्याची नजर असे. आठवडा संपला की यंत्राचा गल्ला उघडून नाणी मोजायची. पहिल्या आठवड्याच्या आकड्याला फार किंमत नसे, तो नवलाईचा असतो. पुढच्या आठवड्यांतही गल्ला भरत राहिला, तर ते यंत्र कारखान्यात जाई. आटला, तर महिनोन्‌महिने खपून केलेलं काम तिथेच गुंडाळलं जाई.

मागे उभा असलेला तो माणूस अटारीचा. घरी टीव्हीला जोडायचा खेळ विकणारी जी अटारी जगाला ठाऊक आहे, तिचाच हा दुसरा, थोरला भाग. नाणं टाकून खेळायची यंत्रं बनवणारा विभाग. १९७२ ते २००३ या काळात त्याचे मालक सारखे बदलले, नावं बदलली, जागा बदलल्या. न्यायाधीश मात्र शेवटपर्यंत एकच राहिला : पाव डॉलरचं, म्हणजे २५ सेंटांचं नाणं. या मंडळींनी जे काही अजोड बनवलं ते त्या नाण्याच्या धाकामुळे बनवलं, आणि त्यांचा शेवटही त्याच नाण्याने केला.

प्रोग्रॅम नसलेलं यंत्र

नोलन बुशनेल हा युटा राज्यातला इंजिनिअर. विद्यार्थी असताना तो ‘लगून’ नावाच्या मनोरंजन उद्यानात खेळांच्या विभागात कामाला होता. जत्रेतला माणूस खिशात हात कधी घालतो, याचं शिक्षण त्याला तिथे मिळालं. विद्यापीठांतल्या संगणकांवर त्या काळी ‘स्पेसवॉर’ नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ चालत असे. १९६२ मध्ये एमआयटीतल्या मुलांनी तो ज्या संगणकासाठी लिहिला, त्याची किंमत लाख डॉलरच्या वर होती. असलं यंत्र पार्लरमध्ये ठेवून नाण्यांवर खर्च निघणं शक्य नव्हतं. मग बुशनेल आणि त्याचा सहकारी टेड डॅबनी यांनी संगणकच वगळला. साध्या लॉजिक चिपांची सर्किटं जोडून त्यांनी टीव्हीच्या पडद्यावर हलणारे ठिपके उभे केले. १९७१ चा ‘कॉम्प्युटर स्पेस’ असा जन्मला. खेळ दिसायला भारी, पण खेळायला किचकट. बारमध्ये बिअर पिणाऱ्याने आधी सूचनांचं पान वाचावं अशी अपेक्षा कोण पुरी करणार?

जून १९७२ मध्ये दोघांनी अटारी स्थापन केली आणि अ‍ॅल अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरला नोकरीवर घेतलं. हात बसावा म्हणून बुशनेलने त्याला एक सोपं काम दिलं : दोन फळ्या, मध्ये जाळी आणि एक चेंडू. जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट मिळालं आहे, अशी थापही मारली. कल्पना त्याची स्वतःचीही नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’ या घरगुती खेळाचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं, आणि ओडिसीमागचा माणूस होता राल्फ बेअर. पुढे मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला आणि १९७६ मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला.

तरी या कामातून उभ्या राहिलेल्या ‘पाँग’मध्ये अल्कॉर्नची स्वतःची भर होती. फळीचे त्याने आठ भाग केले. चेंडू मधोमध लागला तर सरळ जाई, कडेला लागला तर तिरपा. टोले वाढले की वेग वाढे. सर्किटातल्या एका दोषामुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नव्हती. अल्कॉर्नने तो दोष दुरुस्त केला नाही. तरबेज खेळाडू तासन्‌तास हरलेच नाहीत, तर पुढचं नाणं पडणार कधी?

पहिलं यंत्र सनीव्हेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं. काही दिवसांत तिथून फोन आला, यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्नने जाऊन उघडलं, तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचं भांडं काठोकाठ भरून वाहत होतं आणि नवं नाणं आत सरकायला जागा उरली नव्हती. ही गोष्ट या धंद्यात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची आख्यायिका झाली. पण पुढच्या तीस वर्षांची कार्यपद्धती तिच्यातच ठरली. खेळ चांगला की वाईट हे खोलीत बसून ठरवायचं नाही. ठेवून बघायचा आणि गल्ला उघडायचा.

इथे धंद्याची साखळी समजून घ्यायला हवी. यंत्र विकत घेणारा खेळाडू नसतो. कारखाना वितरकाला विकतो, वितरक ऑपरेटरला, आणि ऑपरेटर ते बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानात किंवा पार्लरमध्ये ठेवून जागेच्या मालकाशी कमाई वाटून घेतो. वितरकांना आपापल्या गावात मक्तेदारी हवी असायची, एका गावात दोघांना माल दिला की रुसवे-फुगवे. अटारीने यावर नामी तोड काढली. १९७३ मध्ये ‘की गेम्स’ नावाची स्वतःचीच प्रतिस्पर्धी कंपनी काढली आणि दुसऱ्या वितरकाला तिचा माल दिला. गंमत म्हणजे की गेम्सचा ‘टँक’ हा १९७४ चा खेळ इतका चालला की अडचणीत आलेल्या अटारीला त्याने हात दिला, आणि त्याच वर्षी दोन्ही कंपन्या उघडपणे एक झाल्या.

याच अटारीत रात्रपाळीला स्टीव्ह जॉब्स नावाचा पोरगा होता. १९७४ मध्ये तो नोकरी सोडून भारतात भटकून आला आणि परत तिथेच कामाला लागला. ‘ब्रेकआउट’ या खेळात चिपा जितक्या कमी लागतील तितका बोनस, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने मित्राला, स्टीव्ह वॉझ्नियाकला, कामाला लावलं आणि त्याने चार रात्री जागून मांडणी करून दिली. ती इतकी गुंतागुंतीची होती की कारखान्याला झेपेना. अटारीला बाजारात आणायचं यंत्र नव्याने मांडावं लागलं. बोनसचा खरा आकडाही मित्राला कळला नव्हता.

हरवण्याची कला

१९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. याच सुमारास स्वस्त मायक्रोप्रोसेसर आले आणि खेळ सर्किटातून निघून प्रोग्रॅममध्ये गेला. मग या विभागाला हवे झाले प्रोग्रॅमर. एक प्रोग्रॅमर, एक हार्डवेअर इंजिनिअर, एक तंत्रज्ञ, पुढे एखादा चित्रकार, एवढ्यावर खेळ उभा राहायचा. वर्षातून एकदा सगळे समुद्रकिनारी पहारो ड्यून्सला जाऊन कल्पनांची चर्चा करत. कल्पनांचा तुटवडा कधीच नव्हता. अडचण एकच असायची : पाव डॉलरला किती मिनिटं द्यायची?

गणित सोपं वाटतं. नवख्याला दीड-दोन मिनिटं मिळावीत. त्याहून कमी मिळाली तर फसवल्यासारखं वाटतं, फार जास्त मिळाली तर ऑपरेटर बुडतो. पण त्या दोन मिनिटांच्या अखेरीस हरलेल्या माणसाला ‘चूक माझीच होती, पुढच्या वेळी जमेल’ असं वाटलं पाहिजे. यंत्राने लबाडी केली असं वाटलं की संपलं. हरवायचं, पण हरणाऱ्याचा राग स्वतःवर राहील असं हरवायचं. या कलेत अटारीचा हात त्या काळी कुणी धरला नाही.

नोव्हेंबर १९७९ मध्ये आलेला ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा त्याचा नमुना. कल्पना लाइल रेन्सची, प्रोग्रॅम एड लॉग याचा. काळा पडदा, मधोमध एक त्रिकोणी यान, चहूबाजूंनी तरंगणारे दगड. पडद्याचं तंत्र वेगळं होतं. टीव्हीसारखा ओळींनी भरलेला पडदा नव्हे. इलेक्ट्रॉनचा झोत पेन्सिलीसारखा थेट रेघा ओढायचा, त्यामुळे आकृत्या सुरीसारख्या धारदार दिसत. प्रोग्रॅम आणि आकृत्या मिळून सगळा खेळ आठ किलोबाइटमध्ये मावला होता. आज फोनवर आलेला एखादा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्याच्या कितीतरी पट भरतो.

त्या आठ किलोबाइटमध्ये लॉगने जडत्व बसवलं. यानाला जोर दिला की ते वाहत राहतं, थांबवायचं तर उलट फिरून जोर द्यावा लागतो. दगड फोडला की त्याचे दोन होतात, त्या दोघांचे चार. म्हणजे घाईघाईने गोळ्या झाडणारा स्वतःच स्वतःभोवती संकट उभं करतो. पार्श्वभूमीला धप्‌, धप्‌ असे दोन स्वर, छातीच्या ठोक्यांसारखे हळूहळू वेग घेणारे. मोठ्या दगडाला २० गुण, लहानाला १००, आणि नेम धरून गोळी मारणाऱ्या छोट्या उडत्या तबकडीला तब्बल १०००. इथेच खेळाडूंना फट सापडली. एखादाच दगड शिल्लक ठेवायचा आणि कोपऱ्यात दबा धरून तबकड्या टिपत बसायचं. दर १०,००० गुणांना एक यान फुकट मिळे, त्यामुळे तरबेज पोरं एका नाण्यावर तासन्‌तास उभी राहू लागली. १९८२ मध्ये पेन्सिल्व्हानियात १५ वर्षांच्या एका मुलाने एकाच नाण्यावर काही दिवस खेळून ४ कोटी १३ लाखांवर गुण केले. विक्रम म्हणून हे थोर, ऑपरेटरच्या हिशेबात मात्र पाव डॉलरला दोन-अडीच दिवसांचं भाडं. पुढच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स डिलक्स’मध्ये तबकडीचा नेम सुधारून ती फट बुजवण्यात आली. मूळ यंत्राची एकूण विक्री ७० हजारांवर गेली. मागणी एवढी की पहिली काही यंत्रं ‘लूनर लँडर’ या दुसऱ्या खेळाच्या तयार पेटाऱ्यांत घालून पाठवावी लागली.

डेव्ह थ्युररला १९८० मध्ये वेगळाच विषय मिळाला. आकाशातून अण्वस्त्रं येताहेत आणि खाली सहा शहरं वाचवायची आहेत. त्याने एक अट पाळली. खेळाडूने फक्त बचाव करायचा, कुणावर हल्ला नाही. ट्रॅकबॉल फिरवून आभाळात निशाणी न्यायची, बटण दाबून क्षेपणास्त्र सोडायचं, आणि त्याच्या स्फोटाच्या वर्तुळात येणारी अस्त्रं जळतील अशी आशा करायची. शहरं शेवटी जायचीच. बाकी खेळांत ‘गेम ओव्हर’ झळके, ‘मिसाइल कमांड’मध्ये सगळं संपल्याचा निरोप स्फोटासह पडदाभर पसरे. शीतयुद्धाचे दिवस होते. हा खेळ करताना आपल्याला अणुस्फोटांची दुःस्वप्नं पडत, हे थ्युररने पुढे सांगितलं आहे. त्याचा नंतरचा, १९८१ चा ‘टेम्पेस्ट’ तर थेट एका स्वप्नातूनच आला : जमिनीतल्या विवरातून वर चढणारे राक्षस.

‘बॅटलझोन’ या १९८० च्या रणगाड्यांच्या खेळात खेळाडू थेट गाडीच्या आत बसून बाहेर पाहत असे. हे अमेरिकन सैन्याच्या नजरेत भरलं आणि प्रशिक्षणासाठी त्याची सुधारित आवृत्ती मागण्यात आली. ज्याने तो बनवला, त्या एड रॉटबर्गचा याला सक्त विरोध होता. अखेर त्याने ते काम केलं ते पुन्हा कधी लष्करी काम देणार नाही या बोलीवर. पुढे त्या यंत्राचे दोन नमुने झाले, आणि गोष्ट तिथेच राहिली.

सगळी पुरुषांची फौज असलेल्या या विभागात डोना बेली ही एकटी महिला प्रोग्रॅमर होती. आधी जनरल मोटर्समध्ये तिने गाड्यांसाठी ज्या मायक्रोप्रोसेसरवर काम केलं होतं, तोच अटारीच्या यंत्रांत होता. कल्पनांच्या वहीत तिला एक ओळ सापडली, अनेक सांध्यांचा किडा पडद्यावर येतो आणि खेळाडू त्याला मारतो. माणसं मारण्यापेक्षा तिला हे बरं वाटलं. लॉग आणि बेली यांनी त्यातून १९८१ चा ‘सेंटिपीड’ घडवला. किडा अळंब्यांना अडखळत खाली उतरतो, मध्येच तोडला की दोन किडे होतात. हार्डवेअरची जुळवाजुळव चालू असताना पडद्यावर विचित्र फिके गुलाबी-हिरवे रंग उमटले. ते तसेच राहू देत, असं बेलीने सांगितलं. जॉयस्टिकऐवजी तळहाताने फिरवायचा ट्रॅकबॉल आणि बाकी यंत्रांपेक्षा निराळे रंग. हा खेळ खेळायला बायका-मुलीही येऊ लागल्या, हे पार्लरवाल्यांनी टिपलं.

ही माणसं मात्र बाहेर कुणाला माहीत नव्हती. खेळणाऱ्याला यंत्रावर आपल्या नावाची तीन अक्षरं कोरता येत, बनवणाऱ्याचं नाव पेटाऱ्यावर कुठेच नसे. प्रतिस्पर्ध्यांनी माणसं पळवू नयेत, ही त्यामागची मालकांची भीती. चित्रपटाच्या पडद्यावर स्पॉटबॉयचंही नाव येतं. इथे ७० हजार यंत्रं विकली गेलेल्या खेळाचा कर्ताही बरीच वर्षं निनावी राहिला.

घर विकलं, कारखाना उरला

१९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानांत न खपलेल्या कॅसेटचे ढीग लागले आणि एका वर्षात वॉर्नरला अटारीपायी ५० कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने घरगुती खेळ आणि संगणकांचा विभाग कमोडोर या संगणक-कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमील यांना विकून टाकला. नाण्यांच्या यंत्रांचा विभाग मागे उरला, त्याचं नाव झालं ‘अटारी गेम्स’. वाटणीची अट अशी की ‘अटारी’ हे नाव घरगुती बाजारात वापरायचं नाही. ज्यांनी ते नाव कमावलं होतं, त्यांनाच ते दुकानात न्यायला मनाई झाली.

१९८५ मध्ये या विभागाचा मोठा हिस्सा जपानच्या नामको कंपनीने घेतला. हा काळाने घेतलेला झोका होता. १९७४ मध्ये पैशांच्या ओढाताणीत अटारीने आपली जपानी शाखा विकली होती, ती घेणारे मासाया नाकामुरा याच नामकोचे. त्या शाखेतून वर आलेले हिदेयुकी नाकाजिमा आता कॅलिफोर्नियातल्या अटारी गेम्सचे प्रमुख झाले. दोनेक वर्षांत त्यांनी कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन नामकोच्या हिश्शाचा काही भागही विकत घेतला.

हीच वर्षं या स्टुडिओची सर्वांत कल्पक वर्षं ठरली. मार्क सर्नी १९८२ मध्ये इथे आला तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याचा १९८४ चा ‘मार्बल मॅडनेस’ : तिरप्या, घड्या पडलेल्या जगात गोटी घरंगळत न्यायची. मारामारी नाही. चित्रकार एशरच्या चित्रांची आठवण करून देणारी दृश्यं आणि यामाहाच्या ध्वनी-चिपेवर वाजणारं स्टिरिओ संगीत. पहिले काही आठवडे गल्ला ओसंडला. मग एकदम उतरला. टप्पे अवघे सहा होते. ज्याला जमलं त्याचा खेळ चार-पाच मिनिटांत आटपे, आणि ज्याला सहावा टप्पा पार झाला त्याला परत यायचं कारण उरत नसे. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला शेवट नव्हता हे त्याचं बळ होतं, याला शेवट होता आणि तो सुंदर होता. गल्ल्याला सौंदर्य मोजता येत नाही.

याचं उत्तर लॉगने पुढच्याच वर्षी दिलं. ‘गॉन्टलेट’ हा चार जणांनी एकाच वेळी खेळायचा खेळ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवर भुयारं, भुतं, खजिने. ‘डँडी’ नावाच्या घरगुती संगणकावरच्या खेळाचं ऋणही त्यावर होतं. खरा बदल हिशेबात होता. इथे ‘तीन जीव’ नव्हते. पडद्यावर तुमच्या प्रकृतीचा आकडा असे. तो काही न करता उभं राहिलं तरी सेकंदासेकंदाला उतरत जाई, आणि नाणं टाकलं की वाढे. खेळात असतानाच, कितीही वेळा. यंत्र मोठ्याने बोलून तुम्हाला अन्नाची गरज आहे हेही ऐकवी. आजवर पाव डॉलरला एक प्रयत्न मिळत असे, आता पाव डॉलरला आयुष्य मिळू लागलं. चार पोरं खांद्याला खांदा लावून उभी, एकाचा आकडा घसरला की बाकीचे त्याला ओरडणार, ‘टाक की नाणं!’ एका पेटाऱ्यात चार गल्ले भरत होते. सायकलच्या खऱ्याखुऱ्या हँडलने खेळायचा ‘पेपरबॉय’ही त्याच वर्षीचा. घरात मिळणार नाही असं काहीतरी यंत्राला बसवायचं, ही दिशाही तेव्हाच पक्की झाली.

त्या दिशेचं टोक म्हणजे १९८९ चा ‘हार्ड ड्रायव्हिन’. रिक मॉन्क्रीफच्या गटाने त्यात किल्ली, क्लच, गिअर आणि हाताला ओढ देणारं स्टिअरिंग बसवलं. गाडी वळणावर घसरते ती खऱ्या टायरांच्या गणिताने, आणि ते गणित मांडायला वाहन-गतिशास्त्रातल्या डग मिलिकन यांची मदत घेतली होती. गाडी आपटली की अपघात पुन्हा बाहेरून दाखवला जाई. पार्लरमधल्या पोरांना आपलाच अपघात फार आवडे.

कुलूप फोडण्याचा डाव

पण पैसा आता पुन्हा घराघरांत वळला होता, जपानच्या निन्टेन्डो कंपनीकडे. अटारी गेम्सने घरगुती बाजारासाठी ‘टेन्जेन’ ही शाखा काढली. निन्टेन्डोच्या यंत्रात परवानगीशिवाय बनलेली कॅसेट चालू नये म्हणून एक कुलूप-चिप असायची. टेन्जेनच्या इंजिनिअरांनी ती उघडून तिचं काम समजून घेण्याचा प्रयत्न केला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून कंपनीच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटं कारण सांगून तिच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. १९९२ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं, चिप उलगडून समजून घेणं गैर नाही, पण खोटं सांगून मिळवलेली प्रत वापरणं गैर आहे. या निकालाचा पहिला भाग आजही संगणक-कायद्यात आधाराला घेतला जातो, दुसरा भाग अटारीला महागात पडला.

‘टेट्रिस’चं प्रकरण त्याहून चटका लावणारं. मॉस्कोत अलेक्सी पाझित्नोव्हने रचलेल्या या खेळाचे हक्क सोव्हिएत संस्था एलोर्गकडून मध्यस्थांच्या साखळीतून अटारीपर्यंत आले होते. मूळ करारात शब्द होता ‘संगणक’. १९८९ च्या सुरुवातीला निन्टेन्डोची माणसं थेट मॉस्कोला पोचली आणि करारात व्याख्या घालण्यात आली की संगणक म्हणजे कीबोर्ड, मॉनिटर आणि डिस्क ड्राइव्ह असलेलं यंत्र. म्हणजे निन्टेन्डोचं घरगुती यंत्र संगणक नाही. लॉगने मन लावून केलेली टेन्जेनची कॅसेट बाजारात येऊन महिनाभरच झाला होता. जून १९८९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती मागे घ्यावी लागली, शिल्लक साठा नष्ट झाला. नाण्याच्या यंत्रावरचा ‘टेट्रिस’ मात्र अटारीकडे राहिला.

नाणं वाढलं नाही

१९९१ मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि पार्लरचा कायदाच बदलला. इथे माणूस यंत्राशी लढत नव्हता, शेजारच्याशी लढत होता. हरणाऱ्याने बाजूला व्हायचं, जिंकणाऱ्याने थांबायचं, पुढच्याने नाणं टाकायचं. दर दोन मिनिटांना नवं नाणं, आणि राग यंत्रावर नाही की स्वतःवर नाही, समोरच्यावर. हरवण्याची जी कला अटारीने वीस वर्षं घोटली, ती या रचनेने अनावश्यक केली. त्याच वर्षी अटारीने ‘मार्बल मॅन’ हा मार्बल मॅडनेसचा पुढचा भाग चाचणीला ठेवला. त्याच पार्लरांत ‘स्ट्रीट फायटर २’ भोवती गर्दी होती. गल्ल्याने कौल दिला, आणि तयार झालेला खेळ कधीच उत्पादनात गेला नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी यंत्रं तेवढी उरली.

आपल्याकडे पार्लरं गल्लोगल्ली पसरली ती नव्वदच्या दशकात. म्हणूनच मुंबई-पुण्यातल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या त्या पिढीच्या आठवणीत अटारी नाही. तिच्या आठवणीत आहे तो ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. खेळातल्या एका पात्राच्या नावावरून पोरांनी सगळ्या खेळालाच ते नाव देऊन टाकलं. मध्येच नाणं टाकून पडलेला गडी पुन्हा उभा करायचा आणि सोबत्यांसह पुढे सरकायचं, ही त्यातली रीत गॉन्टलेटच्या घराण्यातलीच होती.

अटारीला खरा मार बसला तो वेगळ्याच बाजूने. १९७२ मध्ये पाँग खेळायला पाव डॉलर लागायचा. १९९९ पर्यंत अमेरिकेत महागाई चौपट झाली, म्हणजे तोच पाव डॉलर पूर्ण डॉलर व्हायला हवा होता. पण यंत्राच्या फटीत जाणारं सोयीचं नाणं तेवढंच राहिलं. १९७९ मध्ये सरकारने डॉलरचं नाणं काढलं, तेही आकाराने पाव डॉलरच्या इतकं जवळ की लोकांची गफलत होई, आणि ते चाललं नाही. मोठ्या यंत्रांनी दोन, तीन, चार नाणी मागून पाहिली. चित्रपटाचं तिकीट, पिझ्झा, दुकानाचं भाडं, सगळं वाढलं. मुलाच्या खिशातून यंत्रात पडणारा घास मात्र दरवर्षी बारीक होत गेला. त्याच वेळी घरातली यंत्रं सुधारली. १९९५-९६ मध्ये प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ आले तेव्हा पार्लरमधलं चित्र आणि घरातलं चित्र यांतलं अंतर मिटत चाललं होतं.

मालकही फिरत राहिले. नव्वदच्या मध्यात टाइम वॉर्नर, १९९६ मध्ये एकेकाळचे प्रतिस्पर्धी विल्यम्स, मग त्यांच्यातून फुटलेली मिडवे. कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटासच्या कचेरीत काम चालूच होतं. ‘एरिया ५१’, ‘सॅन फ्रान्सिस्को रश’, ‘गॉन्टलेट लेजंड्स’ ही यंत्रं चांगली चालली. ‘रश २०४९’ला फोनसारखी आकड्यांची बटणं होती. खेळाडूने आपला क्रमांक टाकला की त्याची जुनी कामगिरी यंत्राला आठवत असे. म्हणजे नाण्याच्या खेळाला शेवटी शेवटी स्मरणशक्ती आली. नोव्हेंबर १९९९ मध्ये पाटी बदलून ‘मिडवे गेम्स वेस्ट’ झाली. २००१ मध्ये मिडवेने नाण्यांच्या यंत्रांचा धंदाच बंद केला. घरगुती खेळ करत उरलेली मंडळी २००३ मध्ये पांगली. मिडवेचंही पुढे, २००९ मध्ये, दिवाळं निघालं.

या विभागाची कागदपत्रं, चित्रं आणि नमुने आता न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमधल्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात आहेत. सर्नीने पुढे सोनीसाठी प्लेस्टेशन ४ आणि ५ यांची रचना केली. गोटीचा खेळ चार मिनिटांत संपतो म्हणून ज्याला गल्ल्याने नापास केलं, त्याच्या यंत्रांवर आज लोक शंभर-शंभर तासांचे खेळ खेळतात.

आजचे फोनवरचे खेळ फुकट असतात आणि मध्येच जीव, हिरे, वेळ विकत घ्यायला लावतात. त्यांचं मूळ सेकंदाला उतरणाऱ्या गॉन्टलेटच्या आकड्यात आहे, हे मान्य करायला हवं. अटारीची माणसं संत नव्हती. मुलांच्या खिशातलं नाणं बाहेर कसं काढायचं, याचाच ते रात्रंदिवस विचार करत. तरी त्यांच्या आणि आजच्या व्यवहारात एक फरक आहे आणि तो लहान नाही. नाण्याच्या यंत्राला तुमचं नाव ठाऊक नव्हतं, तुमच्या वडिलांचं क्रेडिट कार्ड ठाऊक नव्हतं, तुम्ही घरी गेल्यावर ते तुम्हाला हाक मारू शकत नव्हतं. किंमत आधी ठरलेली असे आणि ती हातातून जाताना दिसत असे. खिसा रिकामा झाला की खेळ संपे. त्यामुळे पोराला परत आणायचं तर खेळ खरोखर चांगला करण्यावाचून इंजिनिअरापुढे दुसरा मार्ग नव्हता. अटारीच्या उत्तम खेळांमागे प्रतिभा होतीच, पण त्या प्रतिभेला शिस्त लावली ती या नाइलाजाने. तो नाइलाज आता उरलेला नाही, आणि आजचे बरेचसे खेळ पाहिले की ते कळतं.